टेलला पोचलेली पेटी

बारामतीत सार्वजनिक पेटी घ्यायची ठरली तेव्हा तिच्या समितीचा चिटणीस मला केलं, ते माझी गाण्यातली जाण पाहून नव्हे. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. माझं अक्षर बरं आहे आणि मी कालव्याच्या हापिसात कारकून आहे. एवढ्या भांडवलावर आमच्या गावात माणसाला कशाचाही चिटणीस करतात. मागे गुरांच्या प्रदर्शनाचा चिटणीसही मीच होतो आणि तेव्हा एका खोंडाने माझी टोपी खाल्ली होती. पण ते इथे नको.

हे प्रकरण सुरू झालं आमच्या जेवायच्या पाटापासून. एके दिवशी मी जेवून उठलो आणि आमची मंडळी म्हणाली, "अहो, धोतराला मागे काय लागलंय?" पाहतो तर धुवट धोतरावर कोळशाचे काळे पट्टे! आणि मला वाईट वाटायच्या आत आमची लेक सारजाच भोकाड पसरून बसली. "आप्पांनी माझा कोमल गंधार पुसला!"

मी म्हटलं, "कुणाला पुसलं?"

तेव्हा उलगडा झाला. आमच्या पाटावर चुन्याने पांढऱ्या आणि कोळशाने काळ्या अशा पेटीच्या पट्ट्या काढलेल्या होत्या. कितीतरी दिवस मी त्यांच्यावर बसून निवांत भाकरी खात होतो आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. घरातल्या कर्त्या पुरुषाला सगळ्यात शेवटी कळतं, हा आमच्या घरचा रिवाजच आहे.

पट्ट्या काढल्या होत्या बादशाहभाईंनी. बादशाहभाई म्हणजे एका नाटक कंपनीतले पेटीमास्तर. बोलपट आले, लोक पडद्यावरची माणसं बोलताना बघायला पळाले आणि कंपनी बसली. सामानाचा लिलाव झाला. त्यात पडदे गेले, राजाचे मुकुट गेले आणि बादशाहभाई ज्या पेटीवर उभं आयुष्य बसले ती पेटीही गेली. मग ते गावी आले, बहिणीकडे, जरिनाबींच्या घरी राहू लागले आणि त्यांच्या अंगणातल्या चिंचेखाली त्यांनी पोरांना पेटी शिकवायला सुरुवात केली. कुणाचंही पोर चालायचं. काही द्यावं लागत नसे, फक्त घरून एक पाट आणायचा. मास्तर त्यावर पट्ट्या काढून देत. पोरं पाटावर बोटं फिरवत आणि ज्या पट्टीवर बोट पडेल तो सूर मास्तर स्वतःच्या गळ्यातून काढत.

मी एकदा बघायला गेलो. ओळीने पोरं बसलेली, बोटं पाटावर टकटक चाललेली आणि मध्ये हा दाढीवाला माणूस डोळे मिटून सूर देतोय. कुणाचं बोट चुकलं तर सूरही मुद्दाम चुकलेलाच देई, म्हणजे पोराला आपोआप कळे. आमच्या सारजाचं बोट कोमल गंधारावर हमखास घसरे आणि मास्तर बेसूर होत. ते बेसूर होणं ऐकून मला हसू आलं.

"भाऊसाहेब," मास्तर म्हणाले, "पेटी म्हणजे तरी काय? भात्यातला वारा आणि त्याला लावलेला सूर. तिचा भाता चामड्याचा, माझा हाडामांसाचा. चाललंय."

शेजाऱ्यांचे सल्ले लगेच सुरू झाले. एकजण म्हणाला, पोरीला काय कंपनीत घालायचंय? दुसरा म्हणाला, गाणंच शिकवायचं तर पाट कशाला नासता, पोळपाट द्या. तिसऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या घरी जेवायला पाट शिल्लक आहेत ना? मी आपला पुढे चालू लागलो. सरकारी माणसाने रस्त्यात उभं राहून पाटाचा खुलासा करणं बरं दिसत नाही.

पण त्या उन्हाळ्यात मास्तरांचा घसा बसला तो बसलाच. पुण्याच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की गळ्यात गाठ आहे, आवाज आहे तोवर जपून वापरा, गेला की परत यायचा नाही. मास्तरांनी हे मला हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. मी म्हटलं, "मग वर्ग बंद करा."

"बंद केला तर पोरांची बोटं विसरतील हो. माझा आवाज संपायच्या आत एक पेटी आली पाहिजे, भाऊसाहेब. नाहीतर पोरांनी सूर धरायचा कुणाचा?"

एवढंच होतं. म्हणून समिती निघाली. ज्या कुणाला पुढे या समितीवर हसायचं असेल त्याने हे ध्यानात ठेवावं.

अध्यक्ष झाले आबासाहेब, आमच्याकडचे गुळाचे मोठे अडते. वर्गणी मागत मी वडगावापासून सुप्यापर्यंत हिंडलो. लोकांनी हात आखडला नाही, हे मी कबूल करतो. कुणी गुळाची ढेप दिली, कुणी कांदे, कुणी मिरच्या. सुप्याच्या एका म्हातारीने कोंबडी दिली, ती दर घराशी थांबणाऱ्या आमच्या बैलगाडीतून उडाली आणि तिला धरताना चिटणीसाचा गुडघा फुटला. तरीही भागेना, तेव्हा इंदापूरचे मोहनराव वकील पुढे आले. त्यांनी इंदापूर आणि बावड्याकडून उरलेली भर घातली आणि पुण्याहून पेटी निघाली.

दौंडहून येणाऱ्या छोट्या गाडीने ती उतरली. मी आणि मास्तर आणायला गेलो. जकात नाक्यावरच्या कारकुनाने अडवलं. म्हणाला, हा माल कोणत्या सदरात घालू? लाकूड म्हणावं तर आत पितळ आहे, पितळ म्हणावं तर चामडं आहे. मी त्याला म्हटलं, अहो, हे वाद्य आहे. तो म्हणाला, वाद्य असं सदर माझ्याकडे नाही आणि हे वाद्य आहे याला पुरावा काय? मी स्वतः कारकून असल्यामुळे मला त्याचं म्हणणं बिनतोड वाटलं.

मास्तरांनी पेटी तिथेच, नाक्याच्या ओट्यावर ठेवली. उपरण्याने पुसली. आणि वाजवू लागले.

मला काय वाजलं ते सांगता येत नाही. बाजाराला निघालेल्या गाड्या थांबल्या. भाजीच्या पाट्या डोक्यावर तशाच ठेवून बाया उभ्या राहिल्या. कारकुनाने टाक दौतीत बुडवला होता तो तसाच दौतीत राहिला. वाजवून झाल्यावर मी विचारलं, "काय होतं हे?"

"भैरवी. नाटक संपताना वाजवायचो. हात आपोआप तिकडंच गेला बघा." आणि ते जरा ओशाळले. पेटी घरी यायच्या आधीच शेवटचं वाजवून बसलो, असं त्यांना वाटलं असावं.

कारकुनाने काही न घेता पेटी सोडली. सगळं इथेच थांबलं असतं तर ही गोष्ट मला सांगावीच लागली नसती.

संध्याकाळी सभा भरली, पेटी ठेवायची कुठे यावर. मी म्हटलं, मास्तरांकडे, आणखी कुठे? तर कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला करणारे कुंडलिकराव उभे राहिले.

"आमी कांदं घातलं, मिरच्या घातल्या, आन् पेटी एकट्या मास्तराच्या घरात व्हय? न्हाय जमायचं. भाऊसायेब, तुमी कालव्याचं पानी एकट्याच्या वावरात सोडता का? पाळीनं सोडता. तशी पेटीबी पाळीनं सोडा की!"

टाळ्या पडल्या. मी म्हटलं, "कुंडलिकराव, पाणी वाटलं तर पिकतं. पेटी वाटून काय पिकणार?"

"गानं!" कुंडलिकराव म्हणाले आणि सभा हसली.

आता माझी पंचाईत बघा. पाळीची पद्धत आमच्या खात्याची. तिला विरोध करावा तर खात्याला विरोध. शिवाय हे सगळे बागायतदार, त्यांचं सगळं आयुष्य पाळीवर चाललेलं. चांगली वस्तू असेल तर ती कालव्याच्या पाण्यासारखी चारीचारीने फिरलीच पाहिजे, यात त्यांना काही वावगं दिसेना. त्यांच्या मनात खोट नव्हती. ज्याने ज्याने दिलं होतं त्याच्या दारी एक पंधरवडा, असं ठरलं. तोंडाशी आबासाहेब, मग बाकीची घरं, मग कुंडलिकराव, मग इंदापूर. आणि चिंचेखालचा वर्ग? तो टेलला. आमच्या खात्यात कालव्याच्या शेवटच्या टोकाला टेल म्हणतात.

मी तावातावाने उठलो. आबासाहेबांनी मला हाताने बसवलं. "चिटणीस, वर्ग हा सगळ्यांचा. म्हणून तो सगळ्यांच्या शेवटी. घरची बाई सगळ्यांच्या मागून जेवते, म्हणून तिचा मान कमी होतो का?"

हे मी घरी सांगितलं तेव्हा मंडळी म्हणाली, "मागून जेवणारीला काय उरतं ते एकदा मला विचारा म्हणावं." पण तिला सभेला कोण बोलावणार?

परतताना मास्तर एवढंच म्हणाले, "भाऊसाहेब, टेलला पाणी पोचतं का हो?"

मी म्हटलं, "कागदोपत्री नेहमीच पोचतं."

ते हसले आणि हसता हसता खोकू लागले.

पेटी आबासाहेबांकडे गेली. तिथे तिची पूजा झाली, हळदकुंकू लागलं आणि गुळाच्या अडत्याचं घर ते, नैवेद्याला गुळाचा खडा थेट पट्ट्यांवर ठेवला. रोज. उरलेला चुरा फटीतून आत जाई. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. पेटी समोर मांडून मुलगी बसवली. पाहुणे म्हणाले, वाजवू दे की काहीतरी. मुलीने एका पट्टीवर बोट ठेवलं ते काही केल्या उचलेना. भोंग्यासारखा एकच सूर. आबासाहेब शांतपणे म्हणाले, "सध्या एकाच सुराची साधना चालू आहे." पाहुणे मोठे गाणं समजणारे निघाले. त्यांनी माना डोलावल्या आणि लग्न ठरलं.

झालं! गावात उपवर मुली असलेल्या घरांतून पेटीवर झुंबड उडाली. चोरून चारी फोडावी तशी लोकांनी पाळी फोडली. आज या घरी मुलगी दाखवायची, उद्या त्या घरी. चिटणीसाला विचारायची गरज कुणाला वाटली नाही. मी तक्रार केली तर मलाच उत्तर मिळालं, "अहो, एखाद्या पोरीचं कल्याण होतंय ते तुम्हाला बघवत नाही का?" मला स्वतःला मुलगी आहे.

इकडे मास्तरांचा आवाज वरून खाली सुकत चालला होता. आधी वरचा षड्ज गेला. मग मास्तरांनी पाटावर वरच्या पट्ट्या काढायचं सोडून दिलं. रोज संध्याकाळी जेवताना सारजा सांगे, "आप्पा, आज मास्तरांचा धैवत लागला नाही." मग एके दिवशी घास हातात धरून म्हणाली, "आज मास्तरांचा पंचम गेला." घरात मयताची बातमी आल्यासारखं झालं. मंडळीने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "तुम्ही पेटी आणा. काहीही करा आणि आणा."

पेटी तेव्हा कुंडलिकरावांच्या मळ्यात होती. मी गेलो तर ज्वारीच्या पिकात मचाण उभं केलेलं, वर त्यांची पोरं बसून पेटी बडवताहेत. कुंडलिकराव खुशीत होते. "भाऊसायेब, पाखरू बसत न्हाय बघा! गोफनीपरीस लई बेस हाय ही." मी बादशाहभाईंच्या घशाचं सांगितलं. कुंडलिकरावांचा चेहरा उतरला. "मला कुनी सांगितलंच न्हाय की हो! न्या, आत्ताच्या आत्ता न्या." मनाने माणूस चांगला. मी पेटी गाडीत घालणार तोच इंदापूरचे मोहनराव वकील पाळी घ्यायला हजर. त्यांनी समितीचा ठराव तोंडपाठ म्हणून दाखवला. इंदापूरच्या पाळीत चिटणीसाने हात घातला तर इंदापूरवर अन्याय होतो आणि तो अन्याय आपण सहन करणार नाही, म्हणाले. गाडी इंदापूरच्या दिशेने गेली आणि मी कुंडलिकरावांच्या बांधावर उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो.

मोहनराव कायद्याचा माणूस. पेटीला कुणी हात लावावा याचा ठरावात उल्लेख नाही, म्हणून त्यांनी कुणालाच हात लावू दिला नाही. आपल्या कचेरीतल्या कपाटात घातली आणि कुलूप लावलं. मी पत्रं धाडली. "आपले पत्र पावले, विचार चालू आहे," असं उत्तर यायचं. हे वाक्य मी स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांना लिहीत आलो होतो. ते इतकं वाईट असतं हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटी रजा मागितली. साहेबाने विचारलं, कारण? म्हटलं, पेटी आणायचीय. खात्याची आहे का? नाही. मग तातडी कसली? मी त्याला सगळं सांगू लागलो आणि मला मध्येच डोळे पुसावे लागले. साहेबाला वाटलं घरात कुणी गेलं. रजा मिळाली.

इंदापूरला पोचलो तर कपाटाची किल्ली मुनशीकडे आणि मुनशी बावड्याला जमिनीच्या कामाला गेलेला. बावड्याला गेलो. मुनशी जेवायला बसला होता. त्याला अर्ध्या ताटावरून उठवला, त्याबद्दल तो मला वाटभर टाकून बोलला. कपाट उघडलं. पेटी बाहेरून नवी कोरी. मी म्हटलं, एकदा वाजवून बघू या. मोहनराव म्हणाले, "समारंभपूर्वक हस्तांतर होण्याआधी नाही." आणि हस्तांतर करायला ते स्वतः माझ्याबरोबर निघाले.

आम्ही बारामतीला आलो तेव्हा मास्तरांचा आवाज पुरता गेलेला होता. कुजबुजही राहिली नव्हती. पण वर्ग सुरू होता. पोरं पाट घेऊन चिंचेखाली येत, मास्तर समोर बसत, बोटाने दाखवत आणि पोरं मुक्या पाटांवर मुकी बोटं फिरवत. गावातली टवाळ पोरं कुंपणावर चढून म्हणत, ऐका, ऐका, काय गातात!

हस्तांतराला सगळा गाव लोटला. आबासाहेबांनी भाषण केलं. मोहनरावांनी त्याहून मोठं केलं. पेटीला हार, मास्तरांना हार, नारळ. मास्तर गर्दीत कुणाकडेच बघत नव्हते, फक्त पेटीकडे बघत होते. मग ते पुढे सरकले, उपरण्याने तिला पुसलं, तसंच, नाक्यावर पुसलं होतं तसं. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. भाता ओढला.

फुस्स, एवढाच आवाज आला. पुन्हा ओढला. फुस्स.

मास्तरांनी भाता उलगडून बघितला. उंदरांनी त्याची चाळण केली होती. आबासाहेबांच्या गुळाने उंदीर बोलावले आणि मोहनरावांच्या कुलपाने त्यांना निवांतपणा दिला. आबासाहेब हातातल्या नारळाकडे बघू लागले. मोहनरावांना ठराव आठवेना. कुंडलिकराव मागून हलकेच म्हणाले, "आरं द्येवा, आता मास्तरानं काय करावं?" मी चिटणीस होतो, मी पेटीवरचा हार काढून बाजूला ठेवला.

मास्तरांनी भात्यावरचा हात काढला आणि उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर चालवू लागले. हळूहळू. आवाज नाही, काही नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही.

तेवढ्यात सूर आला.

आमची सारजा गात होती. पुढे सरकून ती मास्तरांच्या बोटांकडे बघत होती आणि बोट जिथे पडेल तो सूर देत होती. मग तिच्या शेजारचं पोर, मग त्याच्या पलीकडचं, मग सगळा वर्ग. मास्तरांचं बोट थांबलं की पोरं त्या सुरावर थांबत. बोट पुढे गेलं की पुढे. मास्तर वाजवत होते आणि पोरं त्यांची पेटी झाली होती. ती नाक्यावरची भैरवीच होती, हे माझ्यासारख्या औरंगजेबालाही कळलं. कोमल गंधार आला तेव्हा मी श्वास धरला. सारजा घसरली नाही.

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. मी रडत होतो. आबासाहेब रडत होते. एवढे मोहनराव, तेही नाक पुसत होते. कुंपणावरची टवाळ पोरं खाली उतरून बसली होती.

बादशाहभाई संक्रांतीच्या आधी गेले. जरिनाबींनी निरोप धाडला तेव्हा सगळ्यात आधी कुंडलिकराव पोचले. मयतीला वर्गातली पोरं आली, ती पाट घेऊनच आली. न्यावेत की नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुणी त्यांना हटकलंही नाही.

नंतर पेटीला पुण्याहून नवा भाता बसवून आणला. आता ती जरिनाबींच्या घरात, चिंचेसमोरच्या खोलीत असते. पाळी कुणी मागत नाही. आमची सारजा बारक्या पोरांना शिकवते, आणि आवाज छान येतो म्हणतात.

तो पाट मात्र आमच्या घरीच आहे. चुना उडाला, कोळसा पुसट झाला, तरी तो धुवायला सारजा कुणाला हात लावू देत नाही आणि त्यावर बसायचं तर नावच नको. मंडळी म्हणते, दुसरा पाट करून घ्या. करू, असं मी म्हणतो. तोवर मी आपला जमिनीवर बसून जेवतो.